आपले पान आपणच वाढताना

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या माणसाचा आहार कसा बदलतो, असे विचारले तर आपण बहुधा पदार्थांची नावे घेऊ. भाकरीच्या जागी पाव आला, आमटीच्या जागी सूप आले. मला मात्र वाटते की, खरा बदल पदार्थांच्या आधी घडतो. घरी आपल्या पानात काय पडावे हे आई-आजी, ऐपत आणि जात यांनी फार पूर्वीच ठरवलेले असते. परमुलखात ते ठरवण्याची वेळ प्रथमच आपल्यावर येते.

मोहनदास गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला निघाले, तेव्हा मांस न खाण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. गंमत अशी की, मांसाहाराने देश बलवान होईल असे त्या काळी त्यांना स्वतःला वाटत असे. ते पाळत होते ते वचन; मत नव्हे. उकडलेल्या बेचव भाज्या आणि मागायला संकोच वाटणारा पाव यांवर पोट भरत नव्हते. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच विकत घेतलेल्या हेन्री सॉल्ट यांच्या पुस्तकाने त्यांना शाकाहाराची कारणे दिली. आईला दिलेला शब्द त्या दिवसापासून त्यांचा स्वतःचा विचार झाला. पुढे घरून येणाऱ्या मसाल्यांची आवडही ओसरली आणि पूर्वी बेचव वाटलेला पालक त्यांना मसाल्याविना रुचू लागला. चव जिभेपेक्षा मनात असते, हा धडा त्यांनी यातून घेतला.

पण प्रत्येकाला अशी निवड करता येतेच असे नाही. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. ज्या घरी ते राहत, तेथील न्याहारी अगदी तुटपुंजी असे. दिवसभर ग्रंथालयात वाचन करून परतल्यावर रात्रीच्या भुकेला ते भाजलेल्या पापडांचा आधार देत. येथे पानात काय पडावे हे रुचीने किंवा तत्त्वाने ठरवले नव्हते; ते खिशाने ठरवले होते. परदेशातील विद्यार्थ्याच्या आहाराविषयी बोलताना ही भूक विसरून चालणार नाही.

आज परिस्थिती सोपी झाली आहे. जर्मनीत शिकणारी माझी भाची मेतकूट आणि गोडा मसाला सोबत नेते. अडल्यास आईला फोन करते. तरी एकदा ती म्हणाली, “मावशी, रोज दोन वेळा काय करायचं हे ठरवणंच किती दमवतं!” घरी असताना हे श्रम तिला कधी दिसले नव्हते. ताट समोर येत असे, एवढेच तिला ठाऊक होते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही घर न सोडता शिकत आहात. तुमच्यापैकी कित्येकजणी मागचे सारे आवरून, ओटा पुसून मगच हे पुस्तक उघडत असतील. त्यांना हे कळण्यासाठी परदेशी जावे लागलेले नाही. इतरांनी मात्र आज जेवायला बसताना स्वतःला एवढे जरूर विचारावे: माझ्या पानातले हे अन्न कोणी ठरवले, कोणी रांधले आणि त्यात माझा वाटा किती?