गाडीचं ॲव्हरेज वहीत मोजा!

मैत्रिणींनो, दुधाचा खाडा आपण कॅलेंडरवर न चुकता लिहितो. सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं, ते किती दिवस पुरलं, हे तर तोंडपाठ असतं. पण दारात गाडी आली, की तिचा हिशेब मात्र आपोआप पुरुषमंडळींकडे जातो. आणि त्यांना विचारावं, "गाडी किती ॲव्हरेज देते हो?" तर झटकन उत्तर येतं, "अठरा!" हा अठराचा आकडा कुणी मोजलेला असतो का? विकणाऱ्याने सांगितलेला असतो, इतकंच.

आमच्याकडे २०११ सालची छोटी गाडी आली ती सासूबाईंसाठी. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, रोज फिजिओथेरपीला न्यायचं. रिक्षात चढता येईना. हे सकाळीच कामावर जातात, त्यामुळे ने-आण करायची जबाबदारी धाकट्या भाऊजींवर आली. भाऊजी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, म्हणजे जगाच्या दृष्टीने रिकामेच! पेट्रोलची बिलं वाढू लागली तशी ह्यांच्या कपाळावर आठी. एके रात्री जेवताना म्हणालेच, "गाडी अठरा देते. मग एवढं पेट्रोल जातं कुठे? की दुपारी मित्रांना फिरवणं चालू आहे?" भाऊजींनी ताटावरून मान वर केली नाही. नंतर मला एवढंच म्हणाले, "वहिनी, उद्यापासून किल्ली दादाकडेच राहू दे."

आता सांगा, ही काय पेट्रोलची गोष्ट राहिली? मी शंभर पानी वही काढली.

पद्धत अगदी सोपी आहे. पंपावर टाकी पूर्ण भरायची. नळी आपोआप थांबली की बस, वरून आणखी थोडं ओतायचं नाही. त्या वेळचा किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. गाडी नेहमीसारखी वापरायची. पुन्हा भरताना शक्यतो त्याच पंपावर, तशीच नळी थांबेपर्यंत भरायची. मधे झालेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज! 'पाचशेचं टाका' म्हणून भरत राहिलात तर हा हिशेब कधीच लागायचा नाही. आणि एकाच टाकीवर विसंबू नका, तीनचार वेळा मोजा.

मी रोज रात्री गाडीचा आकडाही लिहीत होते. दवाखाना तीन किलोमीटरवर. सोडून यायचं, पुन्हा आणायला जायचं, म्हणजे बारा. मुलीच्या शिकवणीचे चार. सोळा दिवसांत २६२ किलोमीटर झाले, आणि जाण्यायेण्याशी ते अगदी जुळले. फिरवाफिरवीला जागाच नव्हती. पेट्रोल मात्र बसलं २३.४ लिटर! म्हणजे जेमतेम अकरा. पंपाचा संशय नको म्हणून तिथे पाच लिटरच्या मापात भरून दाखवायला सांगितलं. गिऱ्हाइकाला तसं मागता येतं बरं का! माप चोख निघालं.

पुढच्या महिन्यात माझ्या माहेरी सोलापूरला गेलो. चालवायला भाऊजीच. सांगलीहून जाऊन येऊन ४१२ किलोमीटर झाले आणि पेट्रोल लागलं बरोब्बर २५ लिटर. म्हणजे साडेसोळा! तीच गाडी, तोच चालवणारा. मग दोष कुणाचा?

दोष तीनतीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा. कुकरचंच बघा ना. पहिली शिट्टी होईपर्यंतच सगळ्यांत जास्त गॅस जातो. मूठमूठ तांदूळ चार वेळा लावला तर काय होईल? गाडीचं इंजीन थंड असलं, की त्याला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, आतलं ऑइलही दाट असतं. ते नीट तापेतोवर आपला दवाखाना येतो. त्यात सासूबाई सावकाश उतरणार, तोवर एसीसाठी इंजीन चालूच. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, हे विसरू नका.

मग कंपन्यांचा आकडा खोटा का? नाही. पुण्याच्या एआरएआय संस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे, रुळांवर उभी करून ठरावीक वेगात, एसी बंद ठेवून तपासतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. पण त्या चाचणीत खड्डे नसतात, भाजी घ्यायला थांबणं नसतं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असतं. लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी, म्हणून निव्वळ पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण सहा-सात टक्के तूट येते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना भेगा पडल्यात का, तेही मेकॅनिककडून पाहून घ्यावं.

एवढ्यावर मी थांबले नाही. वहीतले आकडे घेऊन मेकॅनिककडे गेलो. इंजीनच्या उष्णतेचा काटा मधोमध न येता नेहमी खालीच राहतो, हे भाऊजींनी सांगितलं होतं. उघडल्यावर कळलं, आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला! इंजीन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ही झडप. 'गाडी गरम होणार नाही' म्हणून काही जण ती काढतात. मग इंजीन वेळेवर तापत नाही आणि थंडच आहे असं समजून गाडी जास्त पेट्रोल घेत राहते. नवी झडप बसवली. मागचं एक चाक फेरीनंतर बाकीच्यांपेक्षा गरम लागायचं, तिथला ब्रेक घासत होता, तो सोडवला. टायरमध्ये हवा कमी होती, ती दाराजवळच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरली. आता पंधरा दिवसांनी तपासतो. भाऊजी आता दवाखान्याबाहेर इंजीन बंद करून पुस्तक घेऊन थांबतात, परत येताना भाजीही आणतात. चारच्या दोन फेऱ्या झाल्या.

नंतरच्या टाकीला २८४ किलोमीटर, २२ लिटर. म्हणजे जवळजवळ तेरा. अठरा झाले नाहीत आणि गावातल्या गावात होणारही नाहीत. पण पाचशे किलोमीटरला ४५ लिटर लागायचं ते ३९वर आलं. आणि एक गंमत पाहा. अकराचे तेरा झाले तर पाचशे किलोमीटरला सात लिटर वाचतं, सोळाचे अठरा झाले तर साडेतीनच! म्हणून जी गाडी कमी देते, तिच्याकडेच आधी लक्ष द्यावं.

जुनी गाडी घ्यायचं मनात असेल, तर 'किती देते' एवढंच विचारू नका. ती गावात चालली की बाहेरगावी, हे विचारा. चांगली अर्धा तास चालवून काटा मधोमध येतो का, पाहा. उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, न टेकवता हं! आणि आपल्या फेऱ्या किती किलोमीटरच्या, ते घरी आधी मांडा. रोजची फेरी दोनतीन किलोमीटरचीच असेल, तर अठरा ऐकून बाराचा हिशेब धरा.

ह्यांनी भाऊजींची माफी मागितली का? पुरुषांची माफी शब्दांत थोडीच येते! वही वाचून झाल्यावर किल्ली उचलून त्यांनी भाऊजींच्या पुस्तकावर ठेवली, आणि म्हणाले, "आईला उद्या लवकर न्यायचंय ना?" मला तेवढं पुरे झालं.

घरात पैशाचा मेळ लागेना, की माणसावर संशय घेणं सगळ्यांत सोपं असतं. तुम्ही मात्र आधी वही उघडा. पेट्रोल वाचेल तेवढं वाचेल, पण घरातलं माणूस दुखावलं जाणार नाही, त्याचं मोल कुठल्याही पंपावर मोजता येत नाही.