पोर्ता पोर्तेसेचा रविवार

गेल्या वर्षी मुलीकडे इटलीला जाण्याचा योग आला. रोममध्ये पर्यटक कलोसियमकडे धावतात. मी मात्र रविवारी सकाळीच पोर्ता पोर्तेसेचा बाजार गाठला. टायबर नदीजवळची ही जुनी वेस. तिच्याबाहेर जुने कपडे, घड्याळं, भांडी मांडलेली. घासाघीस अगदी बेळगावच्या शनिवारच्या बाजारासारखी.

मला तिथं नेलं ते व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’नं. १९४८ सालचा हा चित्रपट. भिंतींवर पोस्टरं चिकटवण्याच्या नोकरीसाठी सायकल हवी, म्हणून अंतोनिओची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. तो आणि त्याचा लहानगा ब्रुनो ती शोधत याच बाजारात येतात, पावसात भिजतात. अंतोनिओचं काम करणारा माज्जोरानी खरोखरच कारखान्यातला कामगार होता. १९५० मध्ये चित्रपटाला खास ऑस्कर मिळालं. परभाषिक चित्रपटांची वेगळी स्पर्धा तेव्हा नव्हतीच. १९५२ मध्ये मुंबईच्या महोत्सवात तो दाखवला गेला. तो पाहून प्रभावित झालेल्या बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पुढच्याच वर्षी आला.

मी तो वडिलांबरोबर पाहिला, फिल्म सोसायटीच्या खेळाला. मी चौदा वर्षांचा. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं, आणि वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मी कानात अर्थ सांगू लागलो, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

शेवटी हताश अंतोनिओ स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवतो आणि पकडला जातो. मालक त्याला सोडून देतो. पण पोरानं सगळं पाहिलेलं असतं. रडत चाललेल्या बापाचा हात ब्रुनो धरतो.

बाहेर पडल्यावर वडील एवढंच म्हणाले, “पाप!” रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. मित्र बघतील म्हणून मी तो सोडवून घेतला.

ते ‘पाप’ मराठीतलं की कानडीतलं? त्यांनी चोरीला नावं ठेवली, की बिचाऱ्या अंतोनिओची कणव केली? मी कधी विचारलं नाही. आता वडील नाहीत.

त्या बाजारात एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन जुन्या सायकली बघत होते. गर्दीत मुलानं त्यांचा हात घट्ट धरला होता. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. मुलीनं विचारलं, “बाबा, काही घ्यायचंय का?” मी नाही म्हटलं, आणि रस्ता ओलांडताना तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.