आजीचे देवास

‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न भोपाळच्या मराठी घरांना चुकलेला नाही. आम्हा भावंडांना त्याचे उत्तर १९७० च्या मे महिन्यात, इंदूरच्या रस्त्यावर मिळाले. मामाच्या लग्नाला आम्ही चार भावंडे, आईवडील व आजी भाड्याच्या अँबॅसडरमधून निघालो होतो. पुढे पाण्याची छागळ बांधलेली, पायाशी दशम्यांचा डबा. आष्ट्याला पार्वती आणि सोनकच्छला कालीसिंध ओलांडताना आजीने नाणे टाकून हात जोडले.

देवास हे आजीचे माहेर. चामुंडेची टेकडी दिसताच तिने पदर सावरला. वडील सांगू लागले, की १७२८ मध्ये तुकोजीराव व जिवाजीराव पवार या बंधूंनी येथे राज्य स्थापिले. पुढे एकाच गावात थोरली व धाकटी अशा दोन पात्या नांदल्या आणि १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाल्या.

माहेरचा वाडा केव्हाच विकला गेला होता. आजीने गाडी थांबवली, ओट्याला हात लावला आणि बाहेर आलेल्या नव्या घरधनिणीशी अस्खलित माळवीत बोलत राहिली. गाडी सुटल्यावर धाकट्याने विचारले, “आजी, आपण महाराष्ट्रातले ना?”

“बाळा, महाराष्ट्र मी अजून पाहिलेला नाही. मराठी मात्र पाळण्यातच ऐकली.”

इंदूरपर्यंत वडील काही बोलले नाहीत. आता त्या चौपदरी रस्त्यावरून नातवंडांना नेताना आम्ही दोन्ही पुलांवर गाडी हळू करावयास सांगतो.