उकिरड्यातली लढाई

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या केल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर जे आलं त्याची मात्र बातमी झाली नाही. कोरोनाचे दिवस, माणसं मिळेनात; बोर्ली पंचतनच्या आमच्या वाडीत पडलेल्या माडांचे ओंडके तसेच कुजत राहिले. गेंड्या भुंग्याची मादी अंडी घालते ती नेमकी अशा कुजक्या खोडांत आणि शेणखतात. वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब उघडले की झावळ्या त्रिकोणी कातरलेल्या निघू लागल्या.

जुना उपाय आकड्याचा. पाडेली वर चढतो, शेंड्यातल्या भोकात तार घालून भुंगा ओढून काढतो. पण पाडेली नारळ उतरवायलाच मिळत नाही, भुंगे काढायला कुठून येणार? शेंड्यात कीटकनाशक घालायचं आणि त्याच माडाचं शहाळं पाहुण्यांच्या हातात द्यायचं, हे मला पटत नव्हतं. भुंगा वर दिसतो खरा, पण तो वाढतो आपल्याच उकिरड्यात. तिथे गाठला तर माडावर चढायलाच नको.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ त्यासाठी मेटारायझियम नावाची बुरशी सुचवतं. मी तिची भुकटी आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बुरशी विकत आणलीस? अगं, पावसात आपल्या चपलांना फुकट येते!"

शेणखताचा खड्डा उकरला. अंगठ्याएवढ्या जाड, पांढुरक्या, अंग मुडपून बसलेल्या अळ्या थराथरात होत्या. कोंबड्यांनी पहिला फडशा पाडला. त्यांचं श्रेय बुरशीला द्यायला नको. मग भुकटी पाण्यात कालवून झारीने खड्ड्यावर शिंपडली आणि वर झाप टाकले. ऊन लागलं किंवा खत सुकलं की बुरशी निकामी होते. म्हणून पावसाळा तिला मानवतो.

बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, तिथेच रुजतात आणि आत शिरतात. विषासारखं लगेच काही होत नाही, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. काही आठवड्यांनी पुन्हा उकरलं तेव्हा अळ्या आखडून कडक झालेल्या होत्या. काहींवर पांढरी लव, काहींवर शेवाळी हिरवा थर. एक मोडून पाहिली, तर ती खडूसारखी कट्‌कन तुटली.

इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसाला हीच बुरशी गव्हाच्या भुंग्यावर ओळखली होती. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी. शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशीच मागे पडते.

आमचे नवे कोंब आता बरेचसे अखंड उघडतात. भुंगा समूळ गेलेला नाही, जाणारही नाही; तो उडतो आणि मागच्या पडीक वाडीत ओंडके पडलेलेच आहेत. मालक मुंबईला. फोन केला की म्हणतात, "गणपतीत येतो तेव्हा बघू." यंदा मी हिरव्या पडलेल्या अळ्या घमेल्यात भरल्या, गडगा ओलांडला आणि त्या ओंडक्यांच्या भुशात पुरून आले. नंतर फोन करून त्यांना सांगितलंही. "चालेल, चालेल," म्हणाले.