टोबॅगो : घरातल्या सगळ्यांसाठी समुद्र

कॅरिबियन बेटे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जाहिरातीतले चित्र येते. पांढरी वाळू, वाकलेले नारळ, तोकडे कपडे आणि हातात दारूचा पेला. आपल्या घरांत असे पान मुलांसमोर आले की पटकन उलटले जाते. पण याच समुद्राच्या दक्षिण टोकाला असा एक देश आहे, जिथे ईद-उल-फित्रला सार्वजनिक सुट्टी असते, ईदच्या सकाळी मुस्लिम घरांत दुधातल्या शेवया शिजतात आणि भारतीय वंशाची घरे आजीला आजीच म्हणतात. त्या देशाचे नाव त्रिनिदाद आणि टोबॅगो.

नाव अगदी अनोळखी नाही. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला. सुनील गावसकर यांची ती पहिली कसोटी. सलीम दुराणी यांनी लॉइड आणि सोबर्स यांना बाद केले तेही तिथेच. आमच्या पिढीने हे किस्से वडिलांकडून ऐकले आहेत.

आमची बहीण टोरांटोला असते. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जाणे ठरले, तेव्हा तिथून पुढे आठ दिवस एखाद्या शांत बेटावर घालवावेत असा विचार निघाला. आम्ही चौघे : आम्ही दोघे शिक्षक, नववीतली लेक आणि सदुसष्ट वर्षांच्या अम्मी. अम्मींचे सारे आयुष्य दाभोळच्या खाडीकाठी गेले. अब्बा जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या आपल्या कित्येक घरांची हीच कथा आहे. पुरुष समुद्रात आणि बायका काठावर. लेकीने मात्र सुरुवातीलाच अट घातली, “सगळे पोहायला गेल्यावर चपला राखत मीच बसणार असेन, तर मला नेऊ नका.”

तिच्या या एका वाक्याने आमच्या सफरीचा आराखडा ठरला. जिथे अंगभर कपड्यांत पाण्यात उतरता येईल, हलाल जेवण शोधताना दमछाक होणार नाही आणि दिवसाला एकाहून जास्त काम नसेल, अशीच जागा हवी होती.

टोबॅगोच का?

देश एक असला तरी त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन वेगळ्या स्वभावाची बेटे आहेत. त्रिनिदाद मोठे. तिथे तेल आणि वायूचे उद्योग आहेत, गर्दी आहे, गुन्हेगारीही आहे. टोबॅगो जेमतेम चाळीस किलोमीटर लांब आणि दहा-बारा किलोमीटर रुंद. त्रिनिदादहून विमानाने साधारण पंचवीस मिनिटे लागतात, बोटीने साडेतीन-चार तास. आम्ही अम्मींसाठी विमान घेतले.

जानेवारी ते मे हा तिथला कोरडा हंगाम, म्हणजे शाळेची सुट्टी आणि तिथले चांगले हवामान दोन्ही जुळतात. कॅरिबियनमधल्या बहुतेक चक्रीवादळांचा मार्ग टोबॅगोच्या उत्तरेकडून जातो. तरी १९६३ च्या ‘फ्लोरा’ वादळाने इथल्या नारळ-कोकोच्या बागा झोपवल्या होत्या. जून ते नोव्हेंबर हे महिने त्यामुळे टाळलेले बरे. फेब्रुवारी-मार्चमधला कार्निव्हल ज्यांना पाहायचा त्यांनी पाहावा. आराम हवा असेल तर तो आठवडाही टाळावा.

राहण्यासाठी आम्ही हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेले छोटे घर घेतले. बाजारातून मासे आणावेत, भात लावावा, की हलालचा निम्मा प्रश्न मिटतो. बाहेर खाताना मासळी कोणत्या तेलात आणि कोणत्या कढईत तळली, एवढे विचारायचे. असे विचारल्याचा तिथे कुणाला राग येत नाही. मुसलमान शेजारी असण्याची त्या लोकांना सवय आहे.

निघण्यापूर्वी

भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क किंवा टोरांटोमार्गे जावे लागते, आणि नुसते विमान बदलायचे असले तरी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. त्रिनिदादच्या प्रवेशाचे नियम दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून तपासून घ्यावेत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पीतज्वराची लस. त्रिनिदादहून भारतात परतणाऱ्यांकडे या लसीचा दाखला मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या माणसांनी आधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. अम्मींच्या बाबतीत आम्ही सगळ्यात आधी तेच काम केले.

आणखी एक : लष्करी छपाईचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घालणे तिथे कायद्याने मना आहे. मुलांच्या बॅगेत तशी पँट किंवा टोपी नाही ना, ते पाहून घ्यावे.

पाण्याखाली

स्नॉर्केलिंग म्हणजे खोल बुडी मारणे नव्हे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, आणि पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहायचे. पोहता येत नसेल तर तरंगण्याचे जाकीट घालून, माहीतगार माणसाच्या सोबतीने उथळ पाण्यात करता येते. तयारी आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच मालवण-तारकर्लीला केली होती. परदेशात पहिल्यांदा नळी तोंडात धरण्यापेक्षा ते बरे.

आपल्या घरांसाठी काही बारकावे. मुखवट्याची रबरी कड थेट कातडीवर बसली पाहिजे. स्कार्फचा किंवा टोपीचा काठ तिच्याखाली आला की पाणी आत शिरते. म्हणून डोक्यावर घट्ट बसणारे पोहण्याचे शिरोवस्त्र घ्यावे आणि मुखवट्याचा पट्टा त्याच्यावरून ओढावा. दाढी-मिशी असलेल्या पुरुषांनाही हीच अडचण येते, त्यांनी मुखवटा आधी घालून पाहावा. पट्टा न लावता मुखवटा चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. अंगभर पोहण्याचा पोशाख तिथे आम्हाला मुळीच वेगळा वाटला नाही. उन्हापासून वाचायला कितीतरी पर्यटक तसाच घालतात. शिवाय अंग झाकलेले असले की उन्हाचे मलम कमी लागते, आणि अशा काही मलमांतली रसायने प्रवाळाला घातक ठरतात.

टोबॅगोच्या नैर्ऋत्य टोकाला बुकू रीफ ही प्रवाळाची भिंत आहे. १९७३ पासून ते संरक्षित क्षेत्र आहे. स्टोअर बे आणि पिजन पॉइंट इथून तळाला काच असलेल्या बोटी सुटतात. काही बोटींवर मोठ्याने गाणी आणि रम असते, म्हणून बुक करतानाच विचारून घ्यावे. आम्ही चौघांपुरती छोटी बोट सकाळी लवकर ठरवली. तेव्हा पाणी शांत आणि स्वच्छ असते. निळे टँग, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर आणि प्रवाळावरचे शेवाळ कुरतडणारे पोपटमासे दिसले. पोपटमाशाच्या कुरतडण्याचा आवाज पाण्याखाली ऐकू येतो, हे लेक अजून सगळ्यांना सांगत असते.

प्रवाळ दगडासारखा दिसला तरी जिवंत असतो. त्याच्यावर उभे राहायचे नाही, हातही लावायचा नाही. २००५ आणि २०१० साली समुद्र तापल्याने इथला बराच प्रवाळ पांढरा पडला होता. उरलेला आपल्या पायाखाली मोडू नये.

रीफच्या आतल्या बाजूला नायलॉन पूल आहे. भर समुद्रात कमरेएवढे पाणी आणि खाली पांढरी वाळू. ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेट यांनी हे नाव दिले असे सांगतात. अम्मी बोटीतच बसून राहणार होत्या. लेकीने दोन्ही हात पुढे केले आणि त्या सलवार-कमीजवर जाकीट चढवून शिडीवरून उतरल्या. मुखवटा लावून त्यांनी चेहरा पाण्यात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “इतकी वर्षं मी याचा नुसता आवाजच ऐकत होते.” आम्ही कुणी काही बोललो नाही. अब्बा गेले त्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

बेटावरची माणसे

टोबॅगोतले बहुसंख्य लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. सकाळी रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण आधी “गुड मॉर्निंग” म्हणतो. आपण तसे न म्हणता थेट काम सांगणे उद्धटपणाचे मानतात. आपल्याकडच्या सलामसारखेच झाले.

कास्टारा या कोळ्यांच्या गावी जरूर जावे. तिथे लांबलचक जाळे बोटीने समुद्रात टाकतात आणि काठावरची सगळी माणसे दोर धरून ते ओढतात. अम्मींनी लांबूनच ओळखले, “ही तर रापण!” ओढायला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, तोही कोकणासारखाच. मार्च ते ऑगस्टमध्ये काही किनाऱ्यांवर प्रचंड आकाराची लेदरबॅक कासवे रात्री अंडी घालायला येतात. वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्या मुलांना ही बहीण-भावंडे वाटतील. मात्र तिथल्या प्रशिक्षित वाटाड्याबरोबरच जावे, बॅटरीचा उजेड टाकू नये.

एक दिवस मेन रिज जंगलाला दिला. झाडे तोडली की पाऊस घटतो, या विचाराने १७७६ साली हे जंगल कायद्याने राखले गेले. मुलांना पर्यावरण शिकवताना हे उदाहरण आता आमच्या कामी येते.

त्रिनिदादचे दोन दिवस

परतताना दोन दिवस त्रिनिदादला ठेवले, दिवसा फिरण्यापुरते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे पोचले. त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार भारतीय करारावर उसाच्या मळ्यांत आले. बहुतेक अवध-भोजपूरकडचे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. ३० मे हा दिवस आज तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागातल्या रस्त्यांना कलकत्ता, दिल्ली, लखनौ अशी नावे आहेत. मोहरमला तिथे ‘होसे’ निघतो. हुसैन नावाचेच ते रूप. १८८४ साली सान फर्नांडोला याच मिरवणुकीवर इंग्रज सरकारने गोळीबार केला आणि अनेक मजूर मारले गेले.

सकाळी नाश्त्याला ‘डबल्स’ खाल्ले : दोन मऊ बऱ्यांमध्ये छोले. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाऊनच्या दीन कुटुंबाने हा पदार्थ सुरू केला. अळूच्या पानांचे ‘सहीना’ खाऊन अम्मी म्हणाल्या, आपली अळूवडीच.

एका मशिदीत जोहरनंतर एक वृद्ध बाई भेटल्या. त्यांना उर्दू येत नव्हती, आम्हाला त्यांची इंग्रजी अर्धीच कळत होती. तरी ‘सवाईन’ म्हणजे ईदच्या शेवया, हे दोघींना एका क्षणात समजले. त्यांनी अम्मींना कृती विचारली आणि आपली सांगितली. नमाजला मात्र आम्ही चमकलो होतो. महाराष्ट्रात आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे किब्ला पूर्वेला आहे.

जाणाऱ्यांसाठी आमचा हिशेब असा : टोबॅगोला सहा दिवस, त्यांतले दोन समुद्राचे, एक जंगलाचा, एक कास्टाराचा आणि दोन काहीही न करण्याचे. त्रिनिदादला दोन दिवस. इतक्या दूर सगळ्यांना जमणार नाही, हे आम्ही जाणतो. पण मालवण एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि तिथे मुखवटा भाड्याने मिळतो. पुढच्या सुट्टीत समुद्रावर जाल, तेव्हा चपलांची पिशवी बोटवाल्याकडे ठेवा आणि घरातल्या बायकांना पाण्यात उतरू द्या.