बसलेली आणि बसवलेली

कोल्हापूरजवळ हायवेला आमच्या आबांचं कमानपाट्यांचं वर्कशॉप होतं. उसाचा हंगाम लागला की ट्रकवाले रांग लावायचे आणि सगळ्यांची तक्रार एकच: “गाडी बसलीया.” म्हणजे पाट्यांचा बाक गेलाय, बॉडी टायरला टेकायला आलीय. आबा पाटे उतरवायचे, भट्टीत लाल करून घणानं पुन्हा बाक द्यायचे, तेलात विझवायचे, टेंपर करायचे, वर एखादा जादा पाटा घालायचे. गाडी उभी राहायची. मी गेली अठरा वर्षं ह्यूस्टनच्या पूर्वेला एका गॅरेजात याच्या नेमकं उलटं काम करतो. पिकअप ट्रक खाली आणतो. फोनवर आबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे चांगली उभी गाडी तू बसवतोस व्हय रं?”

प्रश्न खरा होता. गाडी बसते आणि गाडी बसवतात, यात फरक काय, हे मला माझ्याच कामातून शोधावं लागलं.

मोठा पिकअप उंच असतो तो मालासाठी. रिकामा असताना त्याचं शेपूट नाकापेक्षा वर असतं. मागे वजन पडलं की तो सपाट होतो. पण इथले कितीतरी पिकअप वर्षानुवर्षं रिकामेच धावतात. अशा गाडीचं वजन जमिनीजवळ आणलं तर वळणावर ती कमी झुकते, रस्ता धरून चालते. हे कंपन्यांनाही ठाऊक होतं. १९९३ साली फोर्डनं एफ-१५० लाइटनिंग काढला, तो कारखान्यातूनच खाली आणलेला होता. त्याआधीपासून मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये गाड्या जमिनीलगत आणण्याची कला मुरलेली होती. कॅलिफोर्नियात तर त्याविरुद्ध कायदाच होता: रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली असता कामा नये. १९५०च्या दशकाच्या शेवटी आलेला हा नियम १ जानेवारी २०२४ला गेला. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे त्याच परंपरेतले. गाडीच्या बाबतीत त्यांची नजर माझ्याहून तयार आहे, हे मी मान्य करतो.

मागच्या हिवाळ्यात एक तरुण २००४चा शेव्हरोले सिल्व्हराडो घेऊन आला. दोन चाकांची ड्राइव्ह, छोटा हौदा. त्याला पुढे चार इंच, मागे सहा इंच हवे होते. मागे दोन जास्त, कारण कारखान्यानं ठेवलेला तो चढ काढायचा असतो.

पहिली गोष्ट माप. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांवर. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि फरशीचा उतार मापात येतो. मी कागदी टेप चिकटवून त्यावरच आकडे लिहितो. जुन्या गाडीचे डावे-उजवे आकडे बहुतेक वेळा सारखे नसतात. ते आधी दाखवलेलं बरं, नाहीतर नंतरचा दोष आपल्या माथी येतो.

पुढच्या चारपैकी दोन इंच मी स्पिंडल बदलून घेतो आणि उरलेले दोन इंच स्प्रिंग बदलून. खाली आणण्याच्या स्पिंडलमध्ये चाकाचा दांडा वर सरकवलेला असतो, त्यामुळे चाक वर जातं, पण स्प्रिंग आणि आर्म आपापल्या जागी राहतात. म्हणून ते दोन इंच फुकटचे म्हणायला हरकत नाही. स्प्रिंगचे दोन इंच फुकट नसतात. ते चाकाच्या हालचालीतून कापून घेतलेले असतात. शॉकॉब्सर आखूड घालावा लागतो, चाकाचा माथा आत कलतो (कॅम्बर), अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. काही लोक जुन्याच स्प्रिंगला गॅसच्या ज्योतीनं तापवतात. स्प्रिंग मऊ पडते आणि गाडी खाली येते. हीच ती बसलेली गाडी, आबांच्या दारात यायची तीच. तापवलेल्या पोलादाला कुणी विझवलेलं नसतं, टेंपर दिलेलं नसतं, ते दर महिन्याला आणखी बसत जातं. असं काम मी घेत नाही.

मागे पाट्यांवर फ्लिप किट बसतो. मूळ गाडीत धुरा पाट्यांच्या खाली असतो, तो पाट्यांच्या वर घ्यायचा. तेवढ्यानंच पाच-सहा इंच मिळतात. मग धुरा आणि चॅसी यांच्यात जागाच उरत नाही. पहिल्याच खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळणार. म्हणून धुऱ्याच्या बरोबर वर चॅसीला अर्धगोल खाच पाडावी लागते. तिला इथे सी-नॉच म्हणतात.

ती खाच पाडताना गॅरेजातला रेडिओ मी बंद करतो. चॅसीच्या कडेनं ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात; त्या सोडवून बाजूला बांधायच्या, वर ओलं फडकं टाकायचं. आधी जाड पट्टी चॅसीवर क्लॅम्पनं धरायची, भोकं पाडायची, बोल्ट बसवायचे, मगच ग्राइंडर लावायचा. एका वेळी एकच बाजू. ठिणग्या थांबल्या की कापलेल्या कडेवरून बोट फिरवतो. कुठे खोबण लागली, कुठे कोपरा टोकदार राहिला, तर कानस घेऊन तो गोल होईपर्यंत घासतो, कारण चॅसीला तडा जातो तो अशाच कोपऱ्यातून. त्या कडेला लागलेला अर्धा तास बिलात कुठे दिसत नाही.

त्यानंतर धुऱ्याचा कोन. माझ्या स्वतःच्या पहिल्या पिकअपवर मी तो मोजलाच नव्हता. ताशी साठ मैलांवर गाडी बारीक थरथरायची. मी दोनदा चाकं बॅलन्स करून घेतली, नवे टायर घातले. थरथर होती प्रॉपेलर शाफ्टची. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असले तर एकाचा हेलकावा दुसरा मोडतो. सारखे नसले तर शाफ्टकडून धुऱ्याकडे जाणारी फिरकी एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होते. धुरा फिरला की शाफ्ट ज्याला जोडलेला असतो त्या पिनियनचा कोन बिघडतो. पाचर घालून तो सुधारला आणि थरथर गेली. तेव्हापासून चुंबकाचा कोनमापक माझ्या खिशातच असतो.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती फार ठिकाणी चुकलेली पाहिलीय. पुढच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबरी बुश त्याच स्थितीत अडकतो आणि गाडी खाली उतरली की कायमचा पिळलेला राहतो. काही महिन्यांत फाटतो. चाकांवर वजन येऊ द्यायचं, मग आवळायचं. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी नीट करायचा. मागची बाजू जास्त खाली आली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सगळ्यांनाच हे करून देता येत नाही. फरशी बसवणारा एकजण आला होता, हौद्यात रोज टाइल्सचे खोके. त्यालाही सहा इंच हवे होते. मी त्याला सांगितलं, “तुझी गाडी रोज चॅसी आपटत घरी येईल. पुढे दोन, मागे तीन घे, धुरा जिथे आहे तिथेच राहू दे.” तो नाराज होऊन गेला आणि आठवड्यानं परत आला. त्याच्या गाडीला मी पाटे चॅसीला धरणारे हँगर बदलून मागे तीन इंच दिले. जुन्या हँगरचे रिव्हेट तोडायला अख्खा दिवस गेला.

आबांना आता मी व्हिडिओ कॉलवर काम दाखवतो. खाच दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि आणखी जवळून दाखवायला सांगितलं. “कड गोल केलीस?” एवढंच विचारलं.

धुरा पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट मात्र जुने पुन्हा वापरू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तसा धरत नाही. नवे घाला, टॉर्क रेंचनं आवळा आणि पाचशे मैलांनी गाडी परत बोलवा. त्या तरुणाला मी तारीख लिहून दिली होती, तो त्या दिवशी आला. मागच्या आठ नटांपैकी तीन थोडे फिरले.