आजोबांची फार्गो

मावल्याच्या आमच्या शाळेपासून नागपूर–हैदराबाद महामार्ग फार दूर नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला की आदिलाबादच्या बाजारपेठेत येणाऱ्या मालमोटारींची घरघर वर्गापर्यंत पोहोचते आणि कविता शिकवता शिकवता मला क्षणभर थांबावे लागते. ह्या वर्षी आठवीच्या मुलांना मी ‘माझे वडील’ हा निबंध घातला होता. एका मुलाने लिहिले, ‘माझे वडील खासगी नोकरी करतात.’ ते ट्रक चालवतात हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते.

वहीवर शेरा मारण्यासाठी मी लेखणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ ह्या रकान्यात मीही एकदा ‘व्यापार’ असे लिहिले होते. माझे पालक म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांनी उभी हयात फार्गो चालवली होती. तो अर्ज त्यांनी चष्मा लावून सबंध वाचला, खाली सही केली आणि काही न बोलता माझ्याकडे परत दिला.

आम्ही मूळचे कारवारचे. घरी कोंकणी, शाळेत मराठी; आजोबांना आम्ही ‘आजो’ म्हणत असू. अंकोल्याहून अरबैलचा घाट चढून यल्लापूरमार्गे हुबळी हा त्यांचा रस्ता. वर जाताना मीठ, सुकी मासळी आणि कौले. खाली येताना कांदा आणि ब्याडगीची मिरची. मिरची भरली असली की खेप संपून दोन दिवस झाले तरी आजोंना शिंका येत. गाडीच्या नाकावरील नावाचा अर्थ मी लहानपणी विचारला, तेव्हा ते म्हणाले, “त्यात काय कठीण? मराठीतला ‘फार’ आणि आपल्या कोंकणीतला ‘गो’. फार गो!” ही व्युत्पत्ती मी कित्येक वर्षे खरी मानत होते.

खरा इतिहास मी वाचला तो आजोंच्या पश्चात. जॉन आणि होरेस डॉज ह्या दोघा भावांनी १९०० साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी यंत्रकामाचा कारखाना काढला. आरंभी ते फोर्डसाठी सुटे भाग करून देत. १९१४ पासून स्वतःच्या नावाची मोटार बनवू लागले. १९२० साली दोघेही भाऊ निवर्तले आणि १९२८ साली त्यांचा कारखाना क्रायस्लर कंपनीने विकत घेतला. त्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या मालमोटारींसाठी ‘फार्गो’ हे नाव वापरावयास घेतले. पुढे तीच गाडी कोठे डॉज, कोठे फार्गो, तर कोठे डी सोटो म्हणून विकली जाऊ लागली. निरनिराळ्या विक्रेत्यांना आपापल्या दुकानात मालमोटार हवी होती, म्हणून एका देहाला तीन नावे! आजो डॉज चालवणाऱ्यांना थोडे कमी लेखत. दोन्ही गाड्या एकाच आईच्या, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि सांगितले असते तरी त्यांनी ते मानले असते असे मला वाटत नाही.

ही गाडी आपल्याकडे आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांमुळे. जहाजे, विमाने आणि मोटारी ह्या देशातच झाल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा पुरुष. सिंदिया जहाज कंपनी १९१९ मधली, बंगलोरचा विमानांचा कारखाना १९४० मधला. मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांनी क्रायस्लरशी करार केला. पण महायुद्ध चालू होते आणि परक्या सरकारला असा कारखाना नकोच होता. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीचे काम खोक्यांतून आलेले भाग जोडण्याचे. असे काम मुंबईत नवे नव्हते. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून तेच करीत होती. परंतु १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितले की, नुसती जोडणी आता चालणार नाही, भाग येथेच घडवले पाहिजेत. तेव्हा १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला; कुर्ल्याचा टिकला. वालचंदांना मात्र हे पाहावयास मिळाले नाही. ते १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले होते.

फार्गो आपली होत गेली ती अशी तुकड्यातुकड्याने. पेट्रोल परवडेना, म्हणून इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे डिझेल इंजिन तिच्यात बसू लागले, आणि ते इंजिनही पुढे मद्रासला होऊ लागले. कारखान्यातून पुष्कळदा नुसता सांगाडा आणि पुढचे नाक बाहेर पडे; केबिन आणि हौदा गावचा सुतार-लोहार बांधी. आजोंच्या केबिनीच्या फळ्या हुबळीच्या सुताराने ठोकलेल्या होत्या. इंजिन केबिनीच्या पुढे असल्याने झाकण उचलले की सारे यंत्र हाताशी येई. गीअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा चुकले की दात करकरत आणि क्लीनर बाहेर तोंड फिरवून हसे. अरबैलच्या चढावर पाणी उकळू लागले की क्लीनरने उडी मारून चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचा आणि झऱ्याचे पाणी आणायचे. गाडी निवेपर्यंत आजो विडी ओढीत बसत. उतार लागला की मात्र विडी बंद.

१९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी काढावयास सुरुवात केली. हळूहळू रस्ते त्यांचेच झाले. कॅनडात ‘फार्गो’ हे नाव १९७२ पर्यंत चालले. कुर्ल्याचा कारखानाही आता राहिलेला नाही. पुढे त्याची ओळख उरली ती फियाटमुळे, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे. ट्रकांची आठवण कोण ठेवतो!

आजोंची गाडी भंगारात गेली त्या दिवशी त्यांनी तिच्या नाकावरची पाच पोलादी इंग्रजी अक्षरे उचकटून घरी आणली. ती आज माझ्याकडे आहेत. पहिल्या अक्षराचा एक हात तुटला आहे.

पालकसभेच्या दिवशी मी ती मेजावर ठेवली होती. त्या मुलाचे वडील आले, प्रगतिपुस्तकावर सही केली आणि त्यांची नजर अक्षरांवर गेली. त्यांनी एक अक्षर उचलून तळहातावर जोखले. “बाई, हे फार्गो न? आमच्या उस्तादांनी शिकतानी हीच चालवली होती म्हणे. तुमच्याकडे कशी आली?”

“माझ्या आजोबांची. ते ड्रायव्हर होते,” मी म्हणाले. मुलगा शेजारीच उभा होता.

“पेट्रोल होती का पर्किन्स?” त्यांनी विचारले.

मला सांगता आले नाही. आजोंना हे मी कधी विचारलेच नव्हते.

“आवाज कसा होता, आठवते का?” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मग मी तो आवाज काढून दाखवू लागले, आणि तो मुलगा कितीतरी वेळाने हसला.